गोचिडीतला विषाणू माणसाच्या रक्तात येईपर्यंत थांबू नये : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : सिंधुदुर्ग व लगतच्या सह्याद्री पट्ट्यातील जंगलांत माकडतापाच्या विषाणूसाठी गोचिडींची नियमित तपासणी सुरू करण्याबाबत.

महोदय,

सप्टेंबर संपत आला आहे, पाऊस उघडीप देऊ लागला आहे आणि येत्या काही आठवड्यांत सह्याद्रीच्या पायथ्याच्या जंगलांत गोचिडींची नवी पिढी अंड्यांतून बाहेर येईल. माझी काजूची बाग जंगलाला लागूनच आहे, त्यामुळे गोचिडी कधी वाढतात हे मला कोणी सांगावे लागत नाही. मात्र त्या गोचिडींत माकडतापाचा विषाणू आहे की नाही, आणि असल्यास तो कोणत्या गावाच्या शिवारात आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. गावात कोणी माणूस तापाने आडवा झाला किंवा एखादे माकड मरून पडलेले सापडले, की मगच धावपळ सुरू होते, असा आजवरचा माझा अनुभव आहे. ही धावपळ प्रामाणिक असते, पण ती साखळीच्या शेवटच्या कडीपासून सुरू होते, आणि ती पहिल्या कडीपासून, म्हणजे रानातल्या गोचिडीपासून सुरू व्हावी, एवढेच मागणे घेऊन मी आपणांस हे जाहीर पत्र लिहीत आहे.

माकडताप, म्हणजेच क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, १९५७ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलाच्या आसपास पहिल्यांदा ओळखला गेला. रानात माकडे आणि वानरे मरून पडत होती आणि त्याच दिवसांत भोवतालच्या गावांतील माणसे तापाने फणफणत होती. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतला पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी पहिली धास्ती होती. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधील, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतील संशोधकांनी तेथे जाऊन शोध घेतला आणि हा पीतज्वर नसून गोचिडींमार्फत येणारा एक वेगळाच विषाणू आहे हे दाखवून दिले. रुग्णांच्या आणि मेलेल्या माकडांच्या नमुन्यांवर ते थांबले नाहीत. त्यांनी जंगलातून गोचिडी गोळा केल्या आणि त्यांच्यातूनही विषाणू वेगळा केला. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, मी ज्या कामाची मागणी करतो आहे ते परदेशातून आणावे लागणारे नवे शास्त्र नाही. आपल्याच राज्यातील एका संस्थेने ते पासष्टहून अधिक वर्षांपूर्वी करून दाखवले आहे.

त्यानंतर कित्येक दशके हा आजार कर्नाटकातील पश्चिम घाटाच्या काही जिल्ह्यांपुरता आहे, असे मानले जात होते. मग २०१२ मध्ये तो बंदीपूरच्या परिसरात आढळला, त्यानंतर केरळातील वायनाड आणि तमिळनाडूतील नीलगिरीत, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ च्या आरंभी आपल्या दोडामार्ग तालुक्यातील केर गावात. पुढच्याच वर्षी सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसराला त्याची झळ बसली आणि माणसे दगावली. तेव्हापासून ‘माकडताप पसरला’ हे शब्द आम्ही सतत ऐकत आलो आहोत. विषाणू खरोखरच दक्षिणेकडून सरकत इथवर आला, की तो इथल्या रानात आधीपासूनच होता आणि २०१६ मध्ये केवळ आपल्या नजरेस पडला, या दोन गोष्टींत मोठा फरक आहे. पहिली खरी असेल तर पुढे तो कोठे जाईल याचा विचार करावा लागतो, दुसरी खरी असेल तर तो आज आणखी कोठे निवांत बसला आहे याचा. याचे थेट उत्तर त्या साथीच्या आधी वर्षानुवर्षे गोळा करून जपलेल्या गोचिडी देऊ शकल्या असत्या.

अमेरिकेत लाइम आजाराच्या बाबतीत हे उत्तर नेमके असेच मिळाले. कनेक्टिकट राज्यातील लाइम गावाच्या परिसरात १९७५ च्या सुमारास अनेक मुलांचे सांधे सुजू लागल्यामुळे त्या आजाराचा तपास सुरू झाला, आणि विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञाला १९८१ मध्ये गोचिडींच्या आतड्यात त्याचा जीवाणू सापडला. पुढे १९९० मध्ये संशोधकांनी संग्रहालयात जपून ठेवलेल्या जुन्या गोचिडी तपासल्या, तेव्हा न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवर १९४० च्या दशकात पकडलेल्या काही गोचिडींत त्याच जीवाणूचा डीएनए मिळाला. लाइम गावातील मुले लंगडू लागण्याच्या तीस वर्षे आधी जीवाणू शेजारच्या बेटावरील गोचिडींत ठाण मांडून होता आणि त्याची कोणालाच चाहूल नव्हती. आज अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४ लाख ७६ हजार लोकांवर लाइमचे निदान करून उपचार होतात, असा तेथील रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे.

शेजारच्या कॅनडाची गोष्टही बोलकी आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी त्या देशात लाइम पसरवणाऱ्या काळ्या पायांच्या गोचिडीची कायम वस्ती एरी सरोवराच्या काठावरील लाँग पॉइंट या एकाच ठिकाणी माहीत होती. स्थलांतर करणारे पक्षी दर वसंतात अंगावरून गोचिडी उत्तरेकडे नेत राहिले, हिवाळे सौम्य होत गेले आणि दक्षिण कॅनडाच्या मोठ्या भागात तिने बस्तान बसवले. फरक एवढाच की तेथील आरोग्य यंत्रणा हे होताना पाहत होती. रानात कापड ओढून गोचिडी गोळा करणे, लोकांनी अंगावरून काढलेल्या गोचिडी मागवून तपासणे, कोणत्या भागात त्या रुजल्या याचे नकाशे दरवर्षी नव्याने काढणे, हे काम तेथे चिकाटीने झाले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानेही २०१८ पासून गोचिडींच्या देखरेखीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, आणि तो लाखो रुग्ण होऊन गेल्यावर सुरू केला, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

ही तुलना मी एका मर्यादेपर्यंतच ताणतो. लाइमचा जंतू जीवाणू आहे आणि वेळेत निदान झाल्यास साध्या प्रतिजैविकांनी रुग्ण बरा होतो. माकडतापाचा जंतू विषाणू आहे आणि त्यावर नेमके औषध नाही. ताप, पाण्याचे प्रमाण आणि रक्तस्राव सांभाळत रुग्णाला तारून न्यावे लागते, आणि शंभरातील तीन ते पाच रुग्ण दगावतात. काहींचा ताप उतरतो, घरचे सुटकेचा श्वास घेतात आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा ताप चढून मेंदूशी संबंधित लक्षणे दिसू लागतात. ज्या आजारावर औषध आहे त्यासाठी श्रीमंत देश रानोरान गोचिडी वेचतात. ज्यावर औषध नाही त्यासाठी आपण तर अधिक आधी जागे व्हायला हवे.

आता या गोचिडीविषयी. तिचे शास्त्रीय नाव हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा असे लांबलचक आहे आणि ती आयुष्यात तीनदा, तीन वेगवेगळ्या प्राण्यांचे रक्त पिते. पावसाळ्यात पूर्ण वाढलेली गोचीड गुरांवर किंवा रानातील मोठ्या जनावरांवर पोसते, मग खाली गळून पालापाचोळ्यात अंडी घालते. पावसानंतर त्यांतून निघणारे लार्वा उंदीर, पक्षी, माकडे यांना चिकटतात, पोटभर रक्त पिऊन गळून पडतात आणि कात टाकून निम्फ होतात. डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत रानात माणसाला चावते ती मुख्यतः ही निम्फ अवस्थेतील, खसखशीच्या दाण्याएवढी गोचीड. लार्वा ज्या माकडाला चिकटले त्याच्या रक्तात विषाणू असेल, तर त्यांच्यापासून होणाऱ्या निम्फ तो पुढे घेऊन जातात. आणि माकड मेले की त्याच्या थंड पडणाऱ्या अंगावरून शेकडो बाधित गोचिडी एकाच ठिकाणी उतरतात. गुरे या विषाणूला फारशी वाढू देत नाहीत, पण प्रौढ गोचिडींना पोसून त्यांची संख्या मात्र वाढवतात. लाइमच्या बाबतीत हरीण आणि उंदीर यांच्यात हीच वाटणी आहे: हरीण गोचिडी पोसते, उंदीर जंतू पोसतो. माणूस या सगळ्यात वाट चुकून आलेला पाहुणा असतो. त्याच्यापासून दुसऱ्या माणसाला हा आजार होत नाही.

म्हणून ‘माकडताप’ हे नावच मला खटकते. त्या नावाने लोकांचा राग माकडांवर निघतो, वानरांचा कळप दिसला की दगड उचलले जातात, आणि जी गोचीड खरी वाहक आहे ती पाचोळ्यात तशीच राहते. माकड आपल्यासारखेच, किंबहुना आपल्याआधी, या आजाराला बळी पडते.

या कालगणनेवर काजूचा हंगाम ठेवून पाहावा, म्हणजे माझी काळजी आपल्या लक्षात येईल. बिया वेचण्याचे काम फेब्रुवारीपासून मेपर्यंत चालते, म्हणजे नेमके निम्फ अवस्थेच्या ऐन भराच्या महिन्यांत. गळून पडलेला बोंडू उचलायचा, बी पिळून वेगळी करायची आणि पुढे सरकायचे. हे सगळे वाकून, बसून, सुक्या पानांत हात घालून करायचे काम आहे आणि ते बहुतांशी स्त्रिया करतात. शिवाय पातेरा, म्हणजे सुका पालापाचोळा, गोळा करून गोठ्यात अंथरायला किंवा भाजावळीला घरी आणला जातो. कर्नाटकातील साथीच्या अभ्यासांत जंगलात वारंवार जाणे आणि गुरे हाताळणे यांच्याबरोबरच घराच्या आवारात सुक्या पानांचे ढीग असणे हाही धोक्याचा घटक आढळला होता. आमच्याकडे तर या तिन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच दिवशी होतात.

काही वर्षांपूर्वी माझ्या बागेत वेचणीला येणाऱ्या एका बाईंना मार्चमध्ये ताप भरला, अंग इतके दुखू लागले की त्यांना कूस बदलता येईना. पहिले काही दिवस डेंगी आणि लेप्टोच्या शंकेवर उपचार झाले. आमच्या जिल्ह्यात त्या दोन्ही आजारांचा धाक मोठा असल्याने डॉक्टरांचेही फारसे चुकले असे मी म्हणणार नाही. रक्ताच्या अहवालात माकडताप निघाला तेव्हा त्या शुद्धीवर होत्या आणि पुढे बऱ्याही झाल्या, पण त्या दरम्यान शेजारच्या तीन बागांत नेहमीसारखी वेचणी चालूच होती, कारण त्या शिवारात विषाणू असल्याचे कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांचा ताप हीच त्या शिवाराची पहिली चाचणी ठरली. माणसाला चाचणीचे साधन म्हणून वापरणारी ही पद्धत मला पटत नाही.

माकडांचे मृत्यू हा आधीचा इशारा आहेच, आणि मेलेल्या माकडाची खबर देण्याची सवय आता गावांत रुजू लागली आहे. परंतु दाट रानात मेलेले माकड दिसणार कोणाला? कोल्ही, रानडुकरे, घारी त्याची विल्हेवाट लावतात. जे सापडते ते बहुतेकदा कुजलेले असते आणि त्यातून नमुना मिळत नाही. शिवाय माकड सापडेपर्यंत त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरलेल्या असतात. त्या जागेभोवती मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची भुकटी मारली जाते, ती मारायलाच हवी, पण ती आग लागल्यावर मारलेले पाणी आहे.

माझी विनंती साधी आहे. दोडामार्ग, सावंतवाडी आणि कुडाळ तालुक्यांत, तसेच घाटाच्या वरच्या अंगाला चंदगड व आजऱ्याच्या जंगलांत काही ठरावीक जागा कायमच्या निवडाव्यात. ज्या गावांत रुग्ण झाले तेवढ्याच निवडल्या तर आपण पुन्हा जुन्याच साथीच्या मागे धावू, म्हणून अजून एकही रुग्ण नसलेल्या जागाही त्यांत असाव्यात. प्रत्येक जागी ऑक्टोबर ते मे दर पंधरवड्याला फ्लॅनेलचे पांढरे कापड पाचोळ्यावरून आणि झुडपांवरून ठरावीक अंतर ओढावे. प्राण्याची वाट पाहत बसलेल्या गोचिडी त्या कापडाला चिकटतात, त्या मोजाव्यात, जातीनुसार वेगळ्या कराव्यात आणि गटागटाने तपासणीला पाठवाव्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या लार्वांच्या मोजणीवरून गोचिडी कोठे दाटल्या आहेत हे कळेल, आणि पहिल्या निम्फ तपासल्या की त्यांत विषाणू आहे का हे डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच्या आरंभी हाती येईल. वेचणी सुरू होण्याआधीचा तो एक महिना आमच्या दृष्टीने सोन्याचा आहे. हा विषाणू अत्यंत धोकादायक गटातला असल्याने त्याची तपासणी सुसज्ज प्रयोगशाळेतच व्हायला हवी, हे मी जाणतो. पण कापड ओढणे, मोजणे आणि नमुना सुरक्षित पाठवणे हे काम जिल्ह्यातील प्रशिक्षित माणसे करू शकतात, आणि तपासणीची सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा तर आपल्या पुण्यातच आहे.

यातील एक धोका मीच आधी सांगून ठेवतो. बाधित रानातही बहुतेक गोचिडी विषाणूमुक्त असतात, त्यामुळे एखाद्या जागेचा अहवाल ‘विषाणू आढळला नाही’ असा आला, तर त्याचा अर्थ ‘येथे भीती नाही’ असा काढता येणार नाही. ही भाषा जपून वापरावी लागेल. नाहीतर एखाद्या गावाला खोटा दिलासा मिळेल आणि तेथेच माणसे निर्धास्तपणे रानात जातील. उलट अहवाल ‘आढळला’ असा आला, तर तो दडवून ठेवू नये. घबराट पसरेल, काजूचे भाव पडतील, पर्यटक येणार नाहीत, असे सांगणारे लोक आपल्या कार्यालयातही येतील आणि त्यांत माझ्यासारखे बागायतदारही असतील. त्यांना एवढेच विचारावे की, बांद्याच्या साथीत जी घबराट झाली ती कोणत्या अहवालाने झाली होती? ती स्मशानात नेलेल्या माणसांमुळे झाली होती. गावाचे नाव, तारीख आणि निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फलकावर साध्या मराठीत लागावा, एवढी अपेक्षा आहे.

हे काम कोणत्या खात्याचे, हा प्रश्न उठेल, आणि तो उठला की फाइल फिरत राहते. गाईच्या कानातील गोचीड पशुसंवर्धन खात्याची, राखीव जंगलातील माकडाच्या अंगावरची वन खात्याची, माणसाच्या मानेवरून काढलेली आपल्या खात्याची. परंतु पानाच्या टोकावर पुढचे पाय उचलून वाट पाहत बसलेली गोचीड आज कोणत्याच खात्याची नाही, आणि विषाणू तिच्यातच आहे. म्हणून जबाबदारी एका अधिकाऱ्याच्या नावे असावी आणि तिन्ही खात्यांनी त्याला माणसे द्यावीत. गोवा आणि कर्नाटक यांच्याशी निष्कर्षांची देवाणघेवाणही त्याच अधिकाऱ्याकडे असावी. दोडामार्गचे रान सत्तरीला जाऊन भिडते.

विषाणू कोठे आहे हे कळल्यावर करायचे काय, याची साधने थोडी आहेत पण ती आहेत. संरक्षण संशोधन व विकास संस्थेने तयार केलेले, गोचिडींना दूर ठेवणारे डेपा तेल रानात जाण्यापूर्वी हातापायांना लावता येते. ते मार्चच्या शेवटी उरलासुरला साठा म्हणून नव्हे, तर जानेवारीतच बाधित शिवारांत पोहोचायला हवे. पायघोळ कपडे, संध्याकाळी गरम पाण्याने अंघोळ, अंगावरच्या गोचिडी शोधून काढणे, पातेरा घरापासून दूर ठेवणे आणि रानात चरायला जाणाऱ्या गुरांवर गोचीडनाशकाचा उपचार, हे सारे नेमक्या गावांत, नेमक्या आठवड्यांत केले तर लोक ऐकतात. सरसकट आठ महिने सगळ्या जिल्ह्याला सावध राहा म्हटले, तर कोणीच ऐकत नाही, हा माझा अनुभव आहे. लसीवर आज विसंबता येत नाही. कर्नाटकात १९९० पासून वापरलेली लस दोन मात्रांनी सुमारे ६२ टक्के आणि वर्धक मात्रेसह सुमारे ८३ टक्के संरक्षण देत असल्याचे आढळले होते, तिच्या मात्रा वारंवार घ्याव्या लागत, आणि आता ती वापरातून गेली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नव्या लसीचे काम हाती घेतले आहे. ती आली तरी पहिल्या मात्रा कोणत्या गावांना द्यायच्या हे ठरवायला हाच गोचिडींचा नकाशा लागेल.

आमच्याकडे काजूला डिसेंबरमध्ये मोहोर येतो आणि शिमग्याच्या आगेमागे वेचणी अंगावर येते. तेव्हा यंदाचे पहिले कापड ऑक्टोबरमध्येच रानात फिरावे आणि निम्फ तपासणीचा पहिला निष्कर्ष जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात गावांना कळावा, असा आदेश आपण द्यावा. जागा निवडताना अडचण आली, तर माझ्या बागेची जंगलाकडची बाजू त्यासाठी खुली आहे. तेथे विषाणू आढळला तर माझ्या बागेचे नाव फलकावर पहिले लावावे, माझी हरकत नाही.

कळावे,

आपला विश्वासू,
सावंतवाडी तालुक्यातील एक काजू बागायतदार

प्रत माहितीस्तव : माननीय वनमंत्री, माननीय पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र शासन.